कुठल्या किमतीला?

आमच्या पक्षिमंडळात आर्नी लेहतोने ‘दिसला’ म्हटलं, की तो पक्षी दिसलेलाच असायचा. कोणी मान वर करून बघतही नसे. यादी ठेवणारा रोलंड पेन्सिलीने नाव टिपून घ्यायचा आणि गाडी पुढे निघायची. या नादात सगळा कारभार बोलावरच चालतो. पक्षी काही सही करून जात नाही. तो उडाला, की उरतो बघणाऱ्याचा शब्द, आणि आर्नीचा शब्द आमच्याकडे चाळीस वर्षं बिनबोभाट चालला.

म्हणून तर त्याचे दुर्बिणींवरचे लेखही चालायचे. तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. निवृत्त झाल्यावर मंडळाच्या पत्रिकेत एकेका दुर्बिणीवर लिहायला लागला. पत्रिका मी काढते, त्यामुळे आवडो न आवडो, मला ते वाचावंच लागे. पुरुषमाणसं दुर्बिणींवर बोलायला लागली की मला जांभया येतात. पण आर्नी बरं लिहायचा. हातमोजे घालून चाक फिरतं का, चष्मा असताना नीट दिसतं का, दिवसभर गळ्यात वागवली तर मान धरते का, असलं कामाचं लिहायचा. सुपीरियर सरोवराच्या आमच्या काठापासून पार विस्कॉन्सिनपर्यंत लोक त्याचं वाचून दुकानात जायचे.

विल्मा रौतिओ त्यांतलीच. माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचा नवरा एडी गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यात तिने त्याची स्नोमोबील विकली आणि नऊशे डॉलरची दुर्बीण घेतली. त्या दुर्बिणीबद्दल आर्नीने लिहिलं होतं, ‘अंधूक उजेडात किंचित कमी पडते, पण या किमतीला यापेक्षा चांगली मिळणार नाही.’ एवढा पैसा स्वतःसाठी खर्च करायची विल्माला सवय नव्हती. तिने ते वाक्य कापून फ्रिजवर चिकटवलं होतं, मन कचरलं की वाचायला.

सप्टेंबरात आम्ही दोघी मार्केट नावाच्या शहरी पक्षीवाल्यांच्या मेळाव्याला गेलो. तिथे त्या कंपनीचं टेबल होतं. टेबलामागचा पोरगेला माणूस विल्माच्या गळ्यातली दुर्बीण बघून खूश झाला.

“लेहतोंच्या गावच्या का तुम्ही? भला माणूस हो! लिहिणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही चाळीस टक्के सूट देतो, पण त्यांच्यासारखं मनापासून कोणी लिहीत नाही.”

विल्मा हसली, त्याच्याकडची काच पुसायची फुकटची फडकी घेतली आणि बाहेर आली. परतीच्या वाटेवर मी दोनदा हवापाण्याचा विषय काढून बघितला. मग लान्स गावाजवळचा चढ चढताना ती म्हणाली, “मार्लिस, ‘या किमतीला’ म्हणजे कुठल्या किमतीला गं?”



पुढच्या बैठकीला चर्चच्या तळघरात, सगळे कॉफी घेऊन बसल्यावर, तिने आर्नीला सरळ विचारलं. “ती दुर्बीण तुला सवलतीत मिळाली होती?”

“हो. सगळ्या लिहिणाऱ्यांना देतात. त्यात काय एवढं?”

“मग तसं लिहिलं का नाहीस?”

“लिहिण्यासारखं काय आहे त्यात? सूट मिळाली म्हणून माझे डोळे बदलले का? माझ्या लेखात एक शब्द खोटा दाखव.”

“खोटा कुठे म्हणतेय मी? ‘या किमतीला’ म्हणालास. ती तुझी किंमत होती, आर्नी. माझी नव्हती.”

आर्नीचे कान लाल झाले. “दुर्बीण चांगली आहे की नाही?”

“चांगली आहे.”

“मग झालं तर!”

“झालं,” विल्मा म्हणाली. कॉफी तशीच ठेवून कोट घालून निघून गेली.

“आता मांस भरलेल्या पेस्टीवर रस्सा घ्यायचा की केचप, यावरही भांडून घ्या, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल,” रोलंड म्हणाला. कोणी हसलं नाही. मला आर्नीचा असा राग आला म्हणता! एक ओळ म्हणाला असता, ‘चुकलं, विल्मा, लिहायला हवं होतं,’ तर विषय तिथेच मिटला असता. पण आमच्या फिनिश वंशाच्या माणसांची मान एकदा ताठली की ताठली. जो खोटं बोलला नाही, त्याने माफी कशाची मागायची, असा त्याचा हिशेब. आणि तो खरंच खोटं बोलला नव्हता, हीच पंचाईत होती. दुसऱ्या दिवशी विल्माकडे गेले, तर फ्रिजवरचं वाक्य गेलेलं होतं.

नंतर कोणी काही बोललं नाही. पण ऑक्टोबरात आर्नी ‘तो बघा’ म्हणाला, की चार दुर्बिणी डोळ्याला लागायला लागल्या. त्या पूर्वी लागत नसत. मला दिसलं, म्हणजे त्यालाही दिसलंच असणार.

आणि मग नोव्हेंबरात त्याला हस्तिदंती कुरव दिसला.

हा उत्तर ध्रुवाकडचा, बर्फासारखा पांढराशुभ्र, सीगलच्या जातीचा पक्षी. चुकूनमाकून एखादा आमच्या सरोवरावर उतरतो म्हणतात. आर्नी आणि त्याची बायको इनेस दर नोव्हेंबरात सरोवराच्या लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्यापाशी गाडी लावून, दोघांच्या मध्ये थर्मास ठेवून त्याची वाट बघायची. इनेस गेल्यावर तो एकटा बसायचा. आता पक्षी आला होता आणि आर्नीजवळ दुसरं कोणी नव्हतं. तो बंधाऱ्याच्या टोकाला, दीपगृहापाशी, चोच पंखात खुपसून उभा होता. तेवढ्यात हिमवादळाची सर आली, आणि ती ओसरली तेव्हा जागा रिकामी होती. आर्नीजवळचा फोन घडीचा, जुना. फोटो नाही.

नोंद घ्यायची की नाही, हे आमच्यातले तिघं ठरवतात. रोलंड, विल्मा आणि मी. रविवारी माझ्याच स्वयंपाकघरात बसलो. आर्नीने सगळं सांगितलं. खरी मेख पायांची होती. आपल्या नेहमीच्या कुरवांतही कधी कधी एखादं पिल्लू पांढरं निघतं, पण त्याचे पाय मळकट तपकिरी असतात. हस्तिदंतीचे पाय काळेकुट्ट.

“पाय काळे होते. स्वच्छ बघितले,” आर्नी म्हणाला.

रोलंडने पेन्सिल टेबलावर ठेवली. “आणखी कोणी बघितला?”

आर्नी त्याच्याकडे बघतच राहिला. “हा प्रश्न तू मला कधी विचारला नव्हतास, रोलंड.”

“आज विचारतोय.”

मी कॉफी ओतायला उठले. माझ्याच्याने त्याच्या तोंडाकडे बघवेना. तो त्या पक्ष्यासाठी आलाच नव्हता, पक्षी तर उडून गेला होता. आपल्या बोलण्याला अजून काही वजन आहे का, एवढंच बघायला तो आला होता. आणि ते तोलायला आम्ही तिघं बसलो होतो, त्यांतली एक विल्मा.

“कुठल्या दुर्बिणीने बघितलास?” विल्माने विचारलं.

“तीच. तुझ्याकडे आहे तीच.”

“मग भांडायचं कशाला? चला, बघू या दिसतात का पाय.”

दुसऱ्या दिवशी आभाळ तसंच भरलेलं होतं. दुपार कलताना, आर्नीने सांगितलेल्या वेळेला, आम्ही बंधाऱ्यावर गेलो. विल्माने घरून बोटाएवढ्या दोन काठ्या रंगवून आणल्या होत्या, एक काळी आणि एक मळकट तपकिरी. रोलंड त्या घेऊन, ओल्या खडकांवरून शिव्या देत देत दीपगृहापर्यंत गेला. कुठली काठी कुठल्या हातात धरायची, ते त्याचं त्याने ठरवायचं होतं, आणि काळी कुठली ते आर्नीने इकडून ओळखायचं. त्याने दोन्ही हात वर केले.

आर्नीने दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. मग काच पुसली, हातमोजे काढून चाक फिरवलं, पुन्हा बघितलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, अरे, काहीतरी बोल, डावी म्हण, उजवी म्हण, निम्मी संधी तर आहेच. विल्माने त्याला घाई केली नाही.

“दोन्ही काळ्या दिसतात,” तो म्हणाला.

विल्माने आपली दुर्बीण लावली. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. “मलाही,” ती म्हणाली.

आर्नी बंधाऱ्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, का दुसऱ्या कशाने, ते मी विचारलं नाही.

“मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं,” तो म्हणाला. “उजेड कमी झाला की ही दुर्बीण रंग खाते. तसंच लिहिलं होतं मी आधी. ‘किंचित’ मी नंतर घातलं.”

“का रे?” मी विचारलं.

“सूट जाऊन पाचशे चाळीस डॉलरला एवढं चालायचंच, असं वाटलं. शिवाय कंपनीचा तो पोरगा फोनवर इतका गोड बोलला होता. कोणी सांगितलं नव्हतं मला, मार्लिस. माझं मीच घातलं. आणि पुढे ते मलाच खरं वाटायला लागलं. त्या दिवशी पाय बघताना एकदाही मनात आलं नाही, की या उजेडात या दुर्बिणीवर विसंबू नये. माझंच लिहिलेलं मी धरून बसलो.” तो थांबला. “मला वाटायचं, सूट घेतली तरी डोळा माझा आहे. पण मला तो पक्षी इतका हवा होता, की पाय काळेच दिसले. मग नऊशेची वस्तू स्वस्तात हवी असताना काय काय दिसलं असेल, कोण जाणे.”

“तोच असेलही तो,” विल्मा म्हणाली.

“असेल. पण मी पाय बघितले नाहीत. नोंद काढून टाका.”

एवढ्यात रोलंड नाक पुसत परत आला. “काय ठरलं? त्या पक्ष्याचे पाय कसले होते देव जाणे, माझे निळे पडलेत, एवढं नक्की लिहून घ्या.” आर्नी हसला. मला तेव्हा त्याला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून मी त्याच्या हातात थर्मास दिला.

डिसेंबरच्या पत्रिकेत त्याने त्या दुर्बिणीवर पुन्हा लिहिलं. पहिलीच ओळ होती, ‘ही दुर्बीण मला कंपनीने चाळीस टक्के सूट देऊन दिली, आणि हे मी आधी सांगितलं नाही.’ शेवटची होती, ‘अंधूक उजेडात हिच्यातून रंग ओळखता येत नाहीत. पूर्ण किमतीला मी घेतली नसती.’ मी तो लेख पहिल्या पानावर लावला. मग आर्नी फरकाचे पैसे द्यायला विल्माच्या दारात गेला. “पैसे ठेव खिशात,” ती म्हणाली. “वेलचीचा पाव आत्ताच निघालाय. बूट काढ आणि आत ये.”

नाताळाच्या आधी आमची वार्षिक गणना असते. दिवसभर गाडीतून फिरायचं आणि दिसेल तो पक्षी मोजायचा. रोलंड गाडी चालवत होता, शेजारी आर्नी, मागे आम्ही दोघी. काचांवर आमच्याच श्वासाचं धुकं साचलेलं. दलदलीच्या रस्त्याला आर्नी एकदम ओरडला, “थांब, थांब!”

रोलंडने गाडी थांबवली. दूर, एका वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर काहीतरी होतं. मी बाहीने काच पुसेपर्यंत ते झाडांमागे गेलंही.

“ससाणी घुबड,” आर्नी म्हणाला. दुर्बीण अजून डोळ्यालाच होती. “लांब शेपटी. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी, ती बघितली. उजेड चांगला आहे.” मग त्याने दुर्बीण खाली घेतली. “मला ते या वर्षी फार हवं होतं. तेही लक्षात घ्या.”

रोलंडची पेन्सिल कागदावर अडली. त्याने आर्नीकडे बघितलं नाही. तो मागे वळला आणि विल्माकडे बघायला लागला.

विल्माची दुर्बीण मांडीवर होती. तिने ती उचललीही नव्हती.

“माझं तोंड काय बघतोस?” ती म्हणाली. “लिही.”