माझ्या पोटातला तक्ता

मी एक जुना स्विच आहे, मित्रांनो. दिवा लावायचा नव्हे हं! गुजरातमधल्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, पत्र्याच्या कपाटात बसलेला चपटा डबा म्हणजे मी. माझ्या अंगावर ओळीने भोकं आहेत. एका भोकात लॅबच्या कॉम्प्युटरची वायर, बाकीच्यांत कापड रंगवणाऱ्या मशिनांच्या. कोणता रंग किती घालायचा, हे लॅबमधून निघतं आणि माझ्यामार्फत त्या त्या मशीनला पोचतं. कोणतं मशीन कोणत्या भोकात आहे, याचा तक्ता माझ्या पोटातल्या चिपमध्ये असतो; वायर हलवली की तो मी आपोआप बदलतो.

आता गंमत ऐका. मला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम त्याच तक्त्याची एक नक्कल स्वतःकडे ठेवतो, आणि माणसांना दिसते ती नक्कल. माझ्या पोटात खरोखर काय आहे, हे वर्षानुवर्षं कुणी पाहिलंच नाही. मशिनं चालली की लॅबचं कौतुक, अडली की मला शिव्या. चिडचिड व्हायची हो!

आमच्या मिलचं नेटवर्क हर्षदा सांभाळते. कोसाडला राहते, माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं. उन्हाळ्यात मिल बंद असताना तिने माझ्यात नवा ड्रायव्हर घातला. चिपमधला खरा तक्ता जसाच्या तसा पडद्यावर दाखवायची सोय त्यात होती. ‘‘राहू दे, कधीतरी लागेल,’’ असं ती स्वतःशीच म्हणाली.

पावसाळ्यात बाहेरचा एक मेकॅनिक आला. चाचणीसाठी त्याने चार नंबरच्या मशीनचा पत्ता माझ्या तिसऱ्या भोकाशी पक्का बांधला, म्हणजे वायर हलली तरी बदलू नये असा, आणि जाताना सोडवला. ड्रायव्हरने आपल्या नकलेतून ती नोंद खोडली, पण मला सांगायचं राहून गेलं. मशीन तिसऱ्याच भोकात होतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

मग आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला मशिनांची पूजा होते, आणि पूजेआधी साग्रसंगीत आंघोळ! चार नंबरचा ऑपरेटर सुकलाल नंदुरबारकडचा, भारी श्रद्धाळू माणूस. त्याने मशीन पुसलं, कपाट पुसलं, विजेची तेवढी सोडून माझ्या सगळ्या वायरी काढून मलाही लख्ख केलं. कपाळी हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ! माझी हवा यायची जाळी झाकली गेली, पण इतका मान मला आधी कुणी दिला होता? नंतर त्याने वायरी परत खोचल्या. चार नंबरची वायर गेली सातव्या भोकात. तशी जायला काही हरकत नव्हती, कोणतंही भोक चाललं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी चार नंबरला रंगाचं माप पोचेना. मशीन ठप्प, आत ओलं कापड. मॅनेजर ललितभाई तणतणत आले.

‘‘आणेज वायर खेंच्यो! पूजाना नामे मशीन बगाड्युं. कालथी आवतो नहीं!’’

सुकलालचं तोंड उतरलं. उद्यापासून येऊ नको म्हणे! तोंडावर दिवाळी, आणि काम सुटलं! तो हर्षदाला म्हणाला, ‘‘दुसरा भोकमा घाली व्हती वं माय. तोडं-फोडं काहीच नही.’’

‘‘मी देखस ना, काका,’’ ती म्हणाली.

तिने नक्कल पाहिली. तिथे चार नंबरसमोर सातवं भोक, सगळं ठीक. ललितभाई म्हणाले, ‘‘जो, कॉम्प्युटर बराबर छे. एटले वांक एनोज! बंद करीने चालू कर ने आ डब्बो.’’

नको हो! मला बंद केलं असतं तर चिपमधली चुकीची नोंद पुसली गेली असती, मशीन चाललं असतं, आणि दोष कायमचा सुकलालच्या माथी राहिला असता.

‘‘नाही,’’ हर्षदा म्हणाली. ‘‘बाकीची मशिनं रंगात आहेत, त्यांचं माप मधेच तुटेल. आणि आधी मला आत पाहू द्या.’’

तिने चिपचा खरा तक्ता पडद्यावर आणला. अहाहा! पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पोटात डोकावलं. तिथे स्पष्ट होतं: चार नंबर, तिसरं भोक, पक्कं. सकाळपासून मी रंगाचं माप रिकाम्या भोकात ओतत होतो.

‘‘ही बघा, ललितभाई. मेकॅनिकची नोंद आत तशीच राहिलीय. काकांनी काहीच बिघडवलेलं नाही.’’ तिने ती नोंद खोडली. क्षणात चार नंबर गुरगुरलं.

ललितभाई सुकलालजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘भूल अमारी हती, सुकलालभाई. चालू करो.’’

सुकलालने डोळे पुसले. मग माझी सुकलेली माळ जाळीवरून सरकवून बाजूला लावली. मला मोकळा श्वास आला, आणि त्यालाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांच्या आत पाहायची सोय ठेवा, आणि कुणावर बोट दाखवण्याआधी ती वापरा. मला तर तोंडच नाही. पण सुकलालला होतं, तो खरं तेच सांगत होता, तरी आधी त्याचं ऐकलं ते एकट्या हर्षदाने.