कापलेल्या कडा

मुलाला पुस्तक घेऊन बसायला सांगितलं की त्याला लगेच तहान लागते. पाणी पिऊन आलं की पायाला मुंगी चावते. मुंगी गेली की आठवतं, उद्या शाळेत रंगपेटी न्यायची आहे. हे आपल्या सगळ्यांच्या घरी चालतं. मग आपण ओरडतो. ओरडून झालं की शेजाऱ्यांना सांगतो, "काय करावं हो, आमच्याकडे वाचनाची गोडीच नाही कुणाला!"

ही गोष्ट अशाच एका घरातली आहे. फरक एवढाच, की या घरातला बाप पुस्तकांवरच पोट भरत होता. तो बाइंडर होता. फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठा चढवायचा, मशीनवर तिन्ही बाजू कापून कडा सारख्या करायच्या, हे काम तो वीस वर्षं करत होता. हात इतका बसलेला, की पुस्तक नुसतं उचलून तो पानं किती ते सांगायचा. आत काय आहे ते मात्र त्याला कधी सांगता आलं नसतं.

त्याची बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. दवाखान्याच्या धुलाई विभागात ती दुपारपाळीला होती. लेक शाळेतून यायच्या आत ती कामावर निघायची आणि लेक झोपल्यावर घरी यायची. तिला वाचायचं वेड होतं. रद्दीच्या दुकानातून मुलांची जुनी पुस्तकं निवडून आणायची. अशी बावीस पुस्तकं घरात जमली होती. लेकही आईसारखीच होती. वाचलेली वाक्यं पोपटासारखी घोकत घरभर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं मिठू.

बायको गेल्यावर दुसऱ्या महिन्यात बाइंडरने ती बावीस पुस्तकं दुकानात नेली. सुट्टीच्या दिवशी एकटा बसून सगळी नव्याने बांधली. लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं. कडा फार कुरतडलेल्या होत्या म्हणून करंगळीच्या रुंदीएवढ्या कापल्या. डोळे भरून येत होते, पण हात थांबला नाही. मग काचेचं कपाट आणलं, पुस्तकं आत लावली आणि कुलूप घातलं. घरी कुणी आलं की तो कपाटाशी न्यायचा. "हे सगळं हिच्या आईचं. हात लावून बघा, पुठ्ठा कसला आहे!"

मिठूसाठी नियम केला. रोज संध्याकाळी एक तास वाचायचं. आधी हात धुवायचे, कोरडे करायचे. पुस्तक पूर्ण उघडायचं नाही, शिवण सैल होते. पानाला थुंकी लावायची नाही.

आणि मिठू वाचेना.

"कितव्या पानावर आहेस?" तो एका संध्याकाळी म्हणाला.

"सातव्या."

"काल पण सातवंच होतं."

मिठू बोटाने पानाची कड चोळत राहिली.

"परवा पण सातवंच. तिथं काय भिंत बांधलीय का?"

बाइंडरचा तोल गेला. "तुझी आई दिवसभर ओल्या चादरी पिळून यायची, तरी तिच्या हातात पुस्तक असायचं. तू कुणावर गेलीस गं? आज ती असती तर तिला काय वाटलं असतं? लाज वाटली असती तिला तुझी!"

मिठूने पुस्तक मिटलं. फ्रॉकने पुसलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली बापाच्या हातावर ठेवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. बाइंडरला वाटलं, पोरगी कोडगी झालीय.

दोन दिवसांनी मुलांच्या वाचनालयाच्या बाई दुकानात आल्या. दर वर्षी त्या दोन पोती फाटकी पुस्तकं आणायच्या. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. पोती खाली टाकत त्या म्हणाल्या, "या वेळी शिवण घाला, पुठ्ठे घाला. पण कडा कापू नका."

"बाई, कडा मारल्याशिवाय पुस्तक पुस्तकासारखं दिसत नाही."

"न दिसू दे."

"लोक म्हणतील, बाइंडर पिऊन बसला होता."

"मी सांगेन ना, नव्हता म्हणून!"

बाइंडर हसला. बाईंनी पोत्यातून एक पुस्तक काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. कडेच्या मोकळ्या जागेत वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे पान दोनदा वाचा.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मी पाचदा वाचलं.' त्याखाली, 'मी नऊदा, देवाशप्पथ.' आणखी खाली एक तेलकट डाग, त्याला बाण काढलेला, 'सॉरी, बिस्कीट खात होतो.'

"ही नासधूस आहे बाई," बाइंडर म्हणाला. "आमच्या लहानपणी असं केलं असतं तर हात मोडले असते."

"मी पण आधी ओरडायचे. मला तुमच्या मिसेसनी शिकवलं."

"हिनं?"

"मग काय! त्या सकाळी अधूनमधून वाचनालयात यायच्या. मी एकदा विचारलं, आमच्याकडे एवढी पुस्तकं असताना तुम्ही रद्दीत कशाला शोधता? तर म्हणाल्या, तुमच्या पुस्तकांत मला लिहिता यायचं नाही. मला लेकीसाठी कडेला लिहायचं असतं. पोरीची आणि माझी गाठच पडत नाही, तर मी पुस्तकात भेटते तिला."

बाइंडरच्या हातात खळीचा ब्रश होता. तो तसाच राहिला. "काय लिहायची?"

"ते मला काय माहीत? त्या दोघींचं होतं ते. घरी बघा ना, तुमच्याकडेच असतील पुस्तकं."

त्याने ब्रश खाली ठेवला. दुकान उघडंच टाकून तो घरी निघाला. मागून बाई विचारत होत्या, "अहो, काय झालं?"

घरी कुणी नव्हतं. त्याने कुलूप काढलं आणि पहिलंच पुस्तक उघडलं. नवी शिवण घट्ट होती, पुस्तक करकरलं. त्याने दोन्ही हातांनी ते जोर लावून पसरलं. पानाच्या उजव्या कडेला पेन्सिलीची अक्षरं होती. 'मिठू, हा म्हातारा मला आपल्या', आणि पुढे कागदच संपला होता. दुसरं पान. 'मला पण लहानपणी अशीच भी'. पुढे काही नाही. तिसऱ्या पुस्तकात नुसते अक्षरांचे शेंडे उरले होते. कडा मात्र अगदी सरळ होत्या. एका रेषेत, गुळगुळीत. वीस वर्षांच्या हाताने कापलेल्या.

बावीस पुस्तकं त्याने जमिनीवर पसरली. शोधून शोधून एखादंच अख्खं वाक्य मिळायचं.

मिठू शाळेतून आली तेव्हा तो त्या पसाऱ्यात बसला होता. ती दारातच थांबली.

"मिठू, तुला माहीत होतं?"

तिने मान डोलावली.

"कधीपासून?"

"तुम्ही पुस्तकं आणलीत ना, त्याच दिवशी. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

मिठू खाली बसून बुटाची लेस सोडू लागली. लेसकडेच बघत म्हणाली, "तुम्ही खूश होतात, बाबा. आई गेल्यावर पहिल्यांदाच. म्हणालात, आता ही शंभर वर्षं टिकतील."

बाइंडरला तिच्याकडे बघवेना. दहा वर्षांची पोर सहा महिने बापाचं मन सांभाळत होती! आणि बाप रोज संध्याकाळी तिच्यासमोर घड्याळ ठेवत होता! तिला म्हणाला होता, आईला लाज वाटली असती. कुणाची?

"त्या सातव्या पानावर काय आहे गं?" त्याने हळूच विचारलं.

"आईनं लिहिलं होतं, 'या मुलीसारखं तू पण एकदा'. एवढंच उरलंय. मी आधी वाचलं होतं ते, पण आता आठवत नाही. रोज तिथं जाऊन आठवून बघते." मग तिने विचारलं, "बाबा, कापलेले कागद कुठं टाकता तुम्ही?"

"रद्दीत जातात. पुढे कारखान्यात त्यांचा लगदा करतात."

"म्हणजे नाही मिळणार."

"नाही बाळा. माझं चुकलं. माझं फार चुकलं."

मिठूने बूट जागेवर ठेवले आणि ती आत गेली. ती ओरडली असती, रडली असती, तर बाइंडरला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात गेला. बाई खिडकीजवळ कार्डं लावत बसल्या होत्या. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. मग म्हणाला, "मी नव्या कडा जोडून देऊ शकतो. पातळ कागद चिकटवून. कळणार पण नाही."

"कोऱ्या कडा घेऊन ती पोर काय करेल?"

"मग सांगा काय करू. तुम्ही म्हणाल ते करतो."

बाईंनी कार्डं बाजूला सारली. "एक विचारते, राग मानू नका. त्या घरी वाचत बसायच्या तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"टीव्ही बघायचो," तो म्हणाला. मग घाईने म्हणाला, "आवाज बारीक करून."

"उपकारच केलेत! आणि तुम्ही स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?"

"आठवीत, मराठीचं. त्याच विषयात नापास झालो."

बाईंना हसू आलं, पण त्या लगेच गंभीर झाल्या. "अहो, तुम्ही पोरीला हात धुवायला सांगितले, घड्याळ लावलं, प्रश्न विचारले. एवढा धाक असेल तर मी पण वाचणार नाही! त्या माऊलीनं काय केलं होतं? ती पुस्तकात लेकीची सोबत करत होती. हे मला हसवलं, इथं मला भीती वाटली, असं सांगत होती. मुलाला कुणीतरी बरोबर वाचणारं लागतं. पाळत ठेवणारं माणूस नको असतं त्याला. ती सोबत गेली, आणि तिच्या जागी तुम्ही कुलूप लावलंत."

बाइंडर खिशातली कपाटाची किल्ली चाचपत राहिला.

"एक पुस्तक घेऊन जा," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी. तिला द्यायचं नाही, दाखवायचं नाही, काही विचारायचं नाही. तुम्ही वाचा."

"मला जमेल?"

"मुलांचं आहे. जमायला हरकत नाही."

त्याने वाचनालयाचं कार्ड काढलं. शेजारच्या छोट्या खुर्चीत एक सात-आठ वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने बाइंडरकडे वर बघून विचारलं, "काका, तुम्ही पण नवीन?" बाइंडर म्हणाला, "हो रे."

पुस्तक एका नावाड्याचं होतं. त्याला पोहता येत नव्हतं आणि तो हे सगळ्या गावापासून लपवत होता. संध्याकाळी बाइंडर ते घेऊन जमिनीवर बसला. ओळीखाली बोट धरून वाचू लागला. पहिल्या दिवशी तीन पानं झाली. दुसऱ्या दिवशी झोपच लागली. मिठू लांबून बघायची आणि काही न बोलता आपल्या कामाला लागायची. तिला वाटलं असावं, हाही बापाचा काहीतरी नवा नियम असेल.

कपाटाचं कुलूप त्याने फेकून दिलं होतं, पण मिठू तिकडे फिरकली नाही. सहा दिवस गेले, आठ दिवस गेले. तो वाचत राहिला. आता कुणाला दाखवायला नाही. त्या नावाड्याचं पुढे काय होतंय याचा त्याला खरंच घोर लागला होता. आपली उणीव लपवता लपवता माणूस कसा आणखी फसत जातो, हे वीस वर्षं पुस्तकं बांधूनही न वाचलेल्या त्याला चांगलंच ओळखीचं वाटत होतं.

नवव्या दिवशी तो वाचता वाचता एकदम मोठ्याने हसला. कित्येक महिन्यांत त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. मिठू स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं?"

"अगं, हा नावाडी ना, शेवटी..."

"सांगू नका!" मिठू ओरडली. तिने पुढे होऊन त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "बाबा, सांगू नका ना! मला वाचायचंय ते!"

बाइंडरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पुस्तक तिच्यापुढे केलं. तिने घेतलं नाही. "तुमचं होऊ दे आधी," ती म्हणाली. आणि त्याच्या खांद्याला टेकून, डोळे घट्ट मिटून बसली, चुकून शेवट दिसू नये म्हणून.

त्याने उरलेली पानं वाचली. मिठू हलली नाही.

वाचकहो, या बाइंडरला लाज वाटली ती खरी होती. पण ती उशिरा वाटली. बायकोने लेकीशी चार-पाच वर्षं जे बोलणं चालवलं होतं ते त्याच्या हातून एका दिवसात गेलं, आणि आज मिठू पुन्हा वाचते म्हणून ते परत आलेलं नाही. त्याने ते कुणापासून लपवलं नाही. आपणही लपवू नये. आपण पुस्तकं जपतो, ती मिरवतो, त्यांचा धाक घालतो, आणि मुलं वाचत नाहीत म्हणून त्यांनाच दोष देतो. मूल वाचायला शिकतं ते कुणाच्या तरी शेजारी बसून, आणि ती शेजारची जागा आपण रिकामी ठेवलेली असते.

तुमची वेळ अजून गेलेली नाही. आज घरी गेल्यावर मुलाला 'वाच' म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, आणि तुम्ही वाचा.