अर्धी प्यायची, अर्धी भरायची

पळसदरीच्या धरणाखाली दर गुरुवारी बाटल्यांची जत्रा भरायची. सहलीला आलेल्यांनी टाकून दिलेल्या बाटल्या घासूनपुसून माणसं उन्हात रांगेला लागत. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा, कुणाची साखर. आंब्याखाली पाटावर धोंडीबुवा बसत, आजार विचारून बाटलीत एक पुडी सोडत आणि वर काळा काढा ओतत. बाटली एकदाच मिळे. पुन्हा यायची गरजच नाही, हाच तर चमत्कार.

"रोज सकाळी अर्धी प्यायची," बुवा सांगत, "आन् राहिलेली पान्यानं गळ्यापर्यंत भरायची. डॉक्टरचं औषद संपतं, माजं वाढतं. आज एकपट, उद्या दुप्पट, परवा चौपट. धा दिवसांत हजारपट. घरी जाऊन मोजा."

लोक घरी जाऊन मोजत. एक, दोन, चार, आठ. दहाव्यांदा दुप्पट केली की आकडा खरंच हजारावर जाई, आणि हात आपसूक जोडले जात.

पोशीरच्या सुनंदानंही घरी मोजून पाहिलं होतं. नवरा गेल्यापासून ती भावाच्या घरी राही आणि शाळेत पोरांची खिचडी शिजवी. मंगळवार अळणी, शनिवार एकभुक्त. बोललेला नेम तिनं कधी मोडला नव्हता. तिच्या देव्हाऱ्यात गंगाजलाचा गडू होता. आईच्या काळापासून त्यात विहिरीचं पाणी वाढवत आले होते आणि ते गंगाजलच राहिलं होतं. त्यामुळे काढाही तसाच वाढत असेल, हे तिला लगेच पटलं. भाचीला, नऊ वर्षांच्या सुरभीला फिट यायच्या. तिची बाटली घरी आली तेव्हा सुनंदानं आधी देवाला म्हणून त्यातला थोडा काढा लहान शिशीत काढून देव्हाऱ्यात ठेवला.

बुवांची एक अट होती. डॉक्टरच्या गोळ्या धरणात सोडायच्या आणि एकवीस दिवस दुसरं औषध घ्यायचं नाही. सुरभीच्या आईनं, पारूनं, ती पाळली. "वन्सं, देवाची आन हाय तुमाला," ती सुनंदाला म्हणाली, "पोरीच्या नेमात हात घालू नका." सुनंदानं मान डोलावली.

आठवडाभर एकही फिट आली नाही. गावातून आणखी चौघे बाटल्या घेऊन पळसदरीला गेले.

आठव्या दिवशी शाळेत शेजारच्या वाडीची पोरं जेवायला आली. खिचडी पुरेना, म्हणून सुनंदानं शिजत्या पातेल्यात दोन तांबे पाणी ओतलं. पहिल्याच घासाला एक पोरगी म्हणाली, "मावशी, मीठ नाय." सुनंदाचा डाव हातातच राहिला. पाणी वाढवल्यानं मीठ वाढत नाही, हे तिला वीस वर्षं ठाऊक होतं. मग काढा कसा वाढतो?

संध्याकाळी तिनं रिकाम्या बाटलीत दोन चमचे मीठ विरघळवलं आणि पारूला चाखायला दिलं.

"खारट. मिठागरच हाय."

तिनं अर्धं ओतलं, पाणी भरलं. पुन्हा अर्धं ओतलं, पुन्हा भरलं. पाचव्या खेपेला पारू म्हणाली, "जरासं लागतंय." आठव्या खेपेला, "हे पानी हाय, वन्सं."

"सुरभीचा आज आठवा दिवस."

दारात उभा असलेला भाऊ निलेश हसला. "आक्का, हे चुलीवरचं मीठ. तो देवाचा परसाद. आन् गुण आला ना? गोळ्यांवर असताना फिट येतच हुत्या. तू गंगाजल वाढवतेस तवा चमचे मोजतेस का?"

सुनंदाला उत्तर सुचलं नाही. कर्जतला जावं, नव्या गोळ्या आणाव्या, दुधातून द्याव्या, असं पाच दिवस ती रोज ठरवी. पण शपथ आठवली की पदर आवरून देवापुढे बसे.

तेराव्या दिवशी सकाळी सुरभी अंगणात पडली. फिट थांबेना. टेंपोतून कर्जतला नेईपर्यंत पाऊण तास गेला. पोरगी वाचली, पण उजव्या हातात पेन्सिल धरता येईना.

सुनंदानं देव्हाऱ्यातली शिशी नेऊन दिली, ती डॉक्टरांनी तपासणीला पाठवली. काळ्या काढ्यात फिटच्याच गोळ्यांची पूड निघाली.

"पहिल्या दिवशी बाटलीतलं निम्मं औषध पोटात गेलं, दुसऱ्या दिवशी पाव," डॉक्टर म्हणाले. "या गोळीचा अंश बरेच दिवस अंगात राहतो, म्हणून आठवडा बरा गेला. त्या सकाळी बाटलीत काय उरलं होतं सांगू? तेरा वेळा अर्ध्याचं अर्धं. आठ हजारातला एक भाग."

पारूनं सुनंदाकडे पाहिलं. "वन्सं, तुमी का नाय मोडली माजी शपत?"

पुढच्या गुरुवारी सुनंदा मिठाची बाटली घेऊन रांगेपुढे उभी राहिली. अर्धं ओतून, पाणी भरून दाखवलं, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक म्हातारी मायेनं म्हणाली, "बाय, तुमचा नेम कुटंतरी चुकला असंल गं." रांग एक पाऊल पुढे सरकली.

निलेशला द्यायचं उत्तर तिला आता सापडलं आहे. गंगाजलानं मन धुवायचं असतं, त्याला थेंब पुरतो. रोगाला मात्रा लागते. बुवांचा हजाराचा आकडा खोटा नव्हताच; फक्त तिथे औषध हजारानं गुणलं जात नव्हतं, भागलं जात होतं. दुप्पट दुप्पट करत जितक्या झपाट्यानं डोंगर उभा राहतो, तितक्याच झपाट्यानं अर्धं अर्धं करत तो सपाट होतो.

व्रत करा, उपास करा, देवाला हात जोडा. पण चालू औषध पाण्यात सोडा असं कुठल्याही देवानं मागितलेलं नाही, आणि तशी शपथ कुणी घातलीच तर ती मोडा. यावर विश्वास नसेल तर घरी बाटलीत दोन चमचे मीठ घाला, रोज अर्धं ओता, अर्धं भरा. चव कितव्या दिवशी जाते, ते आपल्याच जिभेला विचारा.