हूं की चूं नाही

माझा मुलगा प्रसूतीच्या खोलीत बिस्किटं खात होता. चहात बुडवून, तुकडा पडू नये म्हणून तोंड पुढे काढून. शेजारी त्याची बायको सकाळी सहापासून पलंगाचा कठडा धरून कण्हत होती, आणि दर कळेला हा म्हणायचा, "आईला आठव. हूं की चूं केलं नव्हतं तिने." शिसारी आली मला. त्याची, आणि त्याहून जास्त माझी, कारण हे बाळकडू मीच त्याला पाजलं होतं.

मी शाळेचे गणवेश शिवते. माप घेताना तोंड चालू ठेवावं लागतं, आणि तीस वर्षं माझी ठरलेली गोष्ट एकच: चौदा तास कळा, पण तोंडातून आवाज नाही. बायका माना डोलवायच्या. सून लग्नाआधी माझ्याकडेच काजं-बटणं करायला होती. तिने ती निदान शंभरदा ऐकलेली.

खरं काय झालं होतं? मी दोनदा ओकले, नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि सिस्टरच्या मनगटाला चावले. तिने माझ्या मांडीवर सणसणीत चापट मारली. नंतर सासूबाईंनी विचारलं, "फार ओरडलीस का गं?" मी म्हटलं, "छे!" तिथून खोटं सुरू झालं, आणि पुढे ते गोडच लागायला लागलं.

भुलीच्या डॉक्टरबाई दुसऱ्यांदा आल्या आणि थेट सुनेशी बोलल्या. "पाठीत बारीक नळी घालून औषध देता येईल. कळा बऱ्याच बोथट होतात, तुम्ही जाग्या राहाल. धोके मघाशी सांगितलेच आहेत. नको असेल तरी काही बिघडत नाही. पण साडेबाराला मी ऑपरेशनला जाते, मग दोन तास मिळणार नाही."

सुनेचे ओठ चावून सोलून निघाले होते. तिने माझ्याकडे बघितलं. "नको," म्हणाली. "आईंनी सोसलं. मला का जमू नये?"

"शाब्बास!" मुलगा म्हणाला. त्याच्या मिशीला बिस्किटाचा चिखल लागला होता. या माणसाने पायाचं नख काढताना भुलीची दोन इंजेक्शनं मागून घेतली होती.

तेवढ्यात पुढची कळ आली. ती ओसरेपर्यंत डॉक्टरबाई थांबल्या. सून आवाज गिळत होती, माझ्या नावाने गिळत होती, आणि तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"मी ओरडले होते," मी म्हटलं. "सगळा मजला गोळा झाला होता. सिस्टरला चावले मी. हूं की चूं वगैरे सगळं खोटं आहे. ही सुई तेव्हा कुणी देऊ केली असती तर मी पाय धरले असते. तुला हवी तर घे, नको तर नको. पण माझ्यापायी सोसू नकोस."

मुलाचा कप हवेतच राहिला. "अगं आई, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय!" त्याला तेवढंच सुचलं.

"बाहेर जा," मी म्हटलं. "आणि तोंड पूस."

सून डॉक्टरबाईंना म्हणाली, "द्या." फॉर्मवर सही करताना मधेच कळ आली, तेव्हा ती सकाळपासून पहिल्यांदाच मोकळ्या गळ्याने ओरडली. मग माझ्याकडे पेन देत तिने विचारलं, "आई, हे सहालाच का नाही बोललात?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.