दुधातून

“अंगावरचं दूध तोडायला लावलं मी लेकीला, दीपालीला. पंधरा दिवस झाले,” मालनताई म्हणाल्या. “तुमी सांगितलात म्हणून बरं, बाई. नायतर आमाला काय कळतंय?”

मी फळांची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले.

मार्चमध्ये त्यांच्या वाडीच्या महिला मंडळात मी स्तनांच्या कर्करोगावर बोलले होते. रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, म्हणून बोलावणं. गाठ कशी तपासावी ते सांगत होते, तर बायका पदराआड हसत होत्या. मग मी उंदरांचं सांगितलं. त्यांच्यात एक विषाणू असतो, आईच्या दुधातून पिलात जातो, आणि ते पिलू मोठं झालं की त्याला गाठ येते. हसणं थांबलं. माणसांतही असं काही असण्याची शक्यता शास्त्रज्ञ तपासताहेत, पण अजून काही सिद्ध झालेलं नाही, हेही मी म्हणाले होते. शेवटी, खुर्च्या सरकत असताना, एका वाक्यात.

मालनताईंचं डावा स्तन काढण्याचं ऑपरेशन त्याआधी सहा महिने झालं होतं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मला ते माहीत होतं.

“ताई, ते उंदरांचं होतं. दीपालीने पाजायलाच हवं होतं.”

“पण शक्यता हाय, बोललात ना?”

“बोलले. चुकलं माझं. तुम्ही ऐकावं म्हणून आधी भीती घातली.”

दीपाली दारात आली. खांद्यावर चार महिन्यांची मुलगी.

“आता आटलं, मॅडम. आई माझ्या पाया पडली. आई पाया पडल्यावर काय करायचं माणसानं?”

“पुन्हा लावून बघ. डॉक्टरांना विचार. कधीकधी येतं.”

तिने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“म्हंजे,” मालनताईंनी विचारलं, “हिला मी तीन वरसं पाजलं. त्याच्यातनं हिला काय गेलं नाय ना?”

नेमकं उत्तर लांब होतं. त्यात पुन्हा ‘शक्यता’ हाच शब्द आला असता.

“नाही,” मी म्हणाले.

“मला नको. हिला सांगा.”

मी दीपालीकडे वळून सांगितलं.

मालनताईंनी हात पुढे केले. डावा, ऑपरेशनपासून सुजलेला, अर्ध्यावरच अडला. “आण गो पोरीला. भ्यानं पंधरा दिवस हात लावला नाय मी.”

दीपालीने मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. मुलगी डाव्या बाजूला तोंड घासून शोधू लागली.

“नाय गो बाय,” मालनताई हळूच म्हणाल्या, “हितं काय नाय.”