आशाबाई पेंटर

"मावशी, मोर्चात सगळ्यात पुढं तुमी पाह्यजेत. बाई असून पाट्या रंगवतात, असं सांगू आमी," शीतल म्हणाली.

आशाबाईने हातातलं अक्षर पुरं केलं, मगच ब्रश उचलला. जवळा बाजारातलं हे पाट्यांचं दुकान तिच्या नवऱ्याचं, तातेरावांचं. त्यांचा हात थरथरू लागल्यापासून अक्षरं तिची. पाटीच्या कोपऱ्यात पेंटर म्हणून नाव मात्र त्यांचंच.

"बाई असून, असं काहून? अक्षर चांगलं हाय म्हून बोलवा, येते."

"तुमचा हात चालू हाय, म्हून सुचतं तुमाला. आमाला ग्रामसभेत तोंड उघडायची चोरी!"

शीतल शेजारच्या गावची नवी सरपंच, राखीव जागेवर निवडून आलेली. बायकांना सभेत बोलू द्यावं, म्हणून ती हिंगोलीला कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेत होती.

आशाबाई गेली नाही. घोषणा देत जीपा दुकानासमोरून गेल्या, तेव्हा तिची रेघ हलली. रॉकेलच्या बोळ्याने तिने ती पुसली आणि पुन्हा ओढली.

आठवड्याने शीतलचा नवरा हरिचंद पंचायतीच्या पाटीसाठी पत्रा घेऊन आला. शीतल मागे उभी होती.

"सरपंच म्हून माझं नाव टाका. मोठं."

"सरपंच तर ह्या हायेत."

"कागदावर. कारभार कोण पाहून राहिलं?"

आशाबाईने शीतलकडे पाहिलं. शीतलने मान खाली घातली.

"मंग मला जमायचं न्हाई."

"वसमतला पेंटर कमी न्हाईत," म्हणत हरिचंदने पत्रा उचलला.

"गिऱ्हाईक घालवलंस की," आतून तातेराव म्हणाले.

पुढच्या बाजाराला शीतल एकटीच आली. रंगाचे डबे पाहत बसली.

"तुमी मोर्चाला यायला पाह्यजे व्हतं, मावशी."

"व्हय. अन् तू त्या दिशी बोलायला पाह्यजे व्हतं."

मग आशाबाईने पत्र्याचा एक पांढरा तुकडा ओढला आणि निळ्या रंगात सावकाश लिहिलं: शीतल इंगोले, सरपंच.

"कुठं लावू?"

"ते तू पाहा."

बाहेर शीतलच्या गावाला जाणाऱ्या टेम्पोचा हॉर्न वाजला. शीतल पाटी पदराखाली घेऊ लागली.

"रंग ओला हाय. पुसून जाईल."

शीतल क्षणभर थांबली. मग अंगाला लागू नये म्हणून तिने पाटी दोन्ही हातांनी लांब धरली, अक्षरं बाहेरच्या बाजूला, आणि भर बाजारातून टेम्पोकडे चालू लागली.