माझी शिट्टी थांबते तेव्हा

मित्रांनो, मी एक म्हातारा ग्लायडर आहे, आणि तुम्ही विचारण्याआधीच सांगून टाकतो, मला इंजिन नाही. हे ऐकून लोक माझी कीव करतात. अरे, इंजिन काय कुणालाही असते! मला दोन लांब पंख आहेत, आणि तापलेल्या रानातून वर चढणाऱ्या हवेवर कसे तरंगायचे हे मला कळते. वर्ध्याच्या ज्या उन्हाळ्याला तुम्ही नावे ठेवता, त्याच्यावरच तर मी जगतो.

माझा सांगाडा हलक्या लाकडाचा. कारागिरांनी त्यावर कापड ताणून बसवले, त्याला रोगण पाजले आणि वाळल्यावर टिचकी मारून पाहिली. डफासारखा आवाज आला तेव्हाच ते जेवायला गेले. माझ्या पोटात दोन आसने आहेत. पुढे शिकणारा बसतो, मागे शिकवणारा. वर पारदर्शक टोप. त्या टोपाला डाव्या अंगाला एक बारीक फट राहून गेली. मी वेगात असलो की त्या फटीतून वारा शिट्टी घालतो, आणि वेग ओसरला की शिट्टीही ओसरते. हे व्यंग आहे असे समजून कितीतरी जण ती फट बुजवायला निघाले होते.

सेवाग्रामच्या पलीकडे एका माळावर आमचा क्लब आहे. धावपट्टीच्या टोकाला बसवलेले यंत्र तारेचा दोर भराभर गुंडाळते आणि पतंग चढावा तसा मी चढतो. वर गेले की धाम नदी दिसते, वर्धा स्टेशनात एकमेकांत शिरणारे रूळ दिसतात. शेजारून घारी जातात. माझ्यावर शिकलेली कितीतरी पोरे आज मोठी विमाने चालवतात. ती विमाने माझ्या डोक्यावरून जातात, पण इतक्या उंचीवरून त्यांना मी काय दिसणार! असो. त्यांचे बरे चालले आहे, यात मला आनंद आहे.

मग क्लबात एक पांढराशुभ्र नवा ग्लायडर आला. गुळगुळीत, शहाणा, कधी तोल न सोडणारा. मी मात्र तोल सोडतो. नाक फार वर उचलले आणि वेग संपू दिला की पंखांना धरायला वारा उरत नाही. अशात पायाचे पेडल वेडेवाकडे दाबले, तर एक पंख दुसऱ्याआधी हार मानतो, आणि मी भिंगरीसारखा गरगरत खाली निघतो. याला गिरकी म्हणतात. "गिरक्या घेणारं हे जुनं खोड मोडीत काढा," असे बैठकीत ठरत आले होते. मी शेडच्या कोपऱ्यात पडलो. कबुतरांनी माझ्या पाठीचे काय केले ते सांगत नाही.

माझ्या बाजूने बोलले ते एकटे सदाशिवराव. ते आमचे शिकवणारे सर. "पोहणं शिकवाचं अन् पाणी दाखवाचं नाई, असं कसं जमन?" ते म्हणाले. "गिरकी शिकाची असन त हाच पाहिजे. अन् ती शिकल्याबिगर मी कोनाले एकटं सोडत नाई." त्या एका वाक्यावर मी वाचलो.

त्याच उन्हाळ्यात आकांक्षा आली. जवळच्याच शेतकऱ्याची पोर, वर्ध्याला कॉलेजात जाणारी. आजोबांची, म्हणजे नत्थूजींची, बैलगाडी ती लहानपणापासून हाकायची. हाताने हलकी, नजरेने तेज. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. तिला एकटीने उडायचे होते. पण गिरकी आडवी आली.

घारींच्या संगतीने आम्ही उंच चढायचो. तिथे सर मला मुद्दाम गिरकीत घालायचे आणि सोडवायचे काम तिच्यावर टाकायचे. खालची शेते गरगरू लागली की बाई काय करायची? माझे नाक वर-खाली करणारी दांडी गच्च पोटाशी ओढायची! जीव खाली चालला की माणूस वर ओढतो, हे मला समजते. पण दांडी पोटाशी असेपर्यंत माझी गिरकी सुटत नाही. दर वेळी सरांनाच मला सोडवावे लागे.

"माह्यानं होत नाई, सर," एकदा खाली उतरल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली. "समजते सारं. पन हात ऐकतच नाई."

सर माझ्या पंखाच्या सावलीत बसले. "मले सांग, बैल उधळला त काय कराचं?"

"कासरा ओढाचा."

"बस! तू याचा कासरा ओढून राह्यली, पोरी. हा बैल नोय. हा वारा खाऊन जगते. याच्या तोंडचा घास काढला म्हनून हा पडते, अन् तू अजूनच तोंड दाबतं. कासरा सोड. गिरकीच्या उलटा पाय दे, दांडी पुढं कर, त्याले वारा खाऊ दे. मंग तो तुह्यं ऐकन."

पावसाळ्यात उड्डाणे बंद असतात. पण आकांक्षा शेडमध्ये येऊन माझ्या पुढच्या आसनावर बसायची, डोळे मिटायची आणि तोंडाने पुटपुटायची, "उलटा पाय. कासरा सोड." हात पुढे जायचा. पुन्हा पुन्हा जायचा. बाहेर पाऊस आणि आत आम्ही दोघे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन देतात. घरचे बैल आटोपून ती त्या संध्याकाळी नत्थूजींना घेऊन शेडमध्ये आली. जिथे माझे पंख पोटाला जोडले आहेत, तिथे तिने पळसाच्या पानाने हळद लावली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," नत्थूजी मला म्हणाले. मग मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी विचारले, "पन हा खाते काय?"

"वारा खाते, आबाजी," आकांक्षा म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला आवतन कुणी दिले नव्हते. मला रडता येत नाही, हे एका अर्थी बरेच आहे.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा वर गेलो. गिरकी आली, शेते गरगरली, आणि तिचा हात पुढे गेला! मी सुटलो. सरांनी मागून दोन्ही हात तिच्या खांद्यांवरून पुढे काढून दाखवले, की आपण काही केले नाही. मग त्यांनी तिला बजावले, "वर सुटाले जागा असते. खाली, उतरताना, जागा नसते. तिथं गिरकी सोडवाची नाई, येऊच द्याची नाई. शिट्टी आयकत राह्यजो."

आणि ती एकटी निघाली. मागचे आसन रिकामे. बांधावर नत्थूजी उभे, रानात कापसाची वेचणी चालू. सगळे ठीक चालले होते, पण परत येताना हवा खाली दाबू लागली. आम्ही भलतेच खाली आलो. धावपट्टीकडे वळायचे शेवटचे वळण उरले होते आणि पट्टी अजून लांब होती. झाडांचे शेंडे जवळ दिसले तसे तिने नाक उचलले. वळण लवकर व्हावे म्हणून पेडल दाबले. सगळे माणसासारखेच केले.

माझी शिट्टी बारीक झाली. मग थांबली.

मला ओरडता येत नव्हते. माझ्या अंगाला कंप सुटला, डावा पंख जड झाला. इथून गिरकी लागली असती तर सोडवायला आकाशच नव्हते. माझ्या लाकडाचे काही नाही हो, पण त्या पोरीचा जीव माझ्या पोटात होता.

तिने ऐकले. शिट्टी नाही, हे तिने ऐकले. "कासरा सोड," ती स्वतःशीच म्हणाली आणि जमीन इतकी जवळ असताना माझे नाक जमिनीकडे झुकवले. वारा आला. शिट्टी आली. पण आता पट्टी गाठणे शक्य नव्हते. तिने हट्ट केला नाही. समोर सोयाबीन काढलेले मोकळे रान होते, तिथे तिने मला सरळ उतरवले. धसकटांनी माझ्या पोटाचे कापड टराटरा फाडले.

सर धापा टाकत आले. ती रडत म्हणाली, "पट्टी हुकली, सर."

"हुकू दे ना माय!" सर म्हणाले. "पट्टी कुठं पळून चालली? तू आली ना!"

मागून आलेल्या नत्थूजींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग माझ्या खांद्यावर.

माझे फाटलेले पोट आकांक्षाने स्वतः शिवले, वरून कापड चिकटवले, रोगण लावले आणि टिचकी मारून पाहिली. आता मोडीचे नाव कुणी काढत नाही. टोपाची फटही कुणी बुजवत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढे तर मी सांगणारच. त्यांच्या खोडी मोडण्याआधी त्या कशासाठी आहेत तेही पाहा. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्याही घरात, वर्गात कुणीतरी रोज शिट्टी घालणारे असेल. ते एखाद्या दिवशी गप्प झाले, तर कासरा ओढू नका. जवळ जा, आणि त्याला थोडा वारा खाऊ द्या.